गाडी वाचता येते!

त्या रविवारी सकाळी जे हातात आलं ते मला आधी ओळखूच आलं नाही. वहीच्या आकाराची, जपानी पंख्यासारख्या घड्या घातलेली एक कागदी चौकट. तिच्या घड्यांमध्ये गुलमोहराची वाळकी पानं, माशांचे पंख, कसलासा कापूस आणि राखाडी धूळ अशी ठासून बसलेली, की उन्हासमोर धरली तरी पलीकडचा उजेड दिसेना. हा आमच्या गाडीचा एसी फिल्टर. यातून येणारी हवा आम्ही चौघं रोज श्वासात घेत होतो!

आणि तो बाहेर काढायला मला किती वेळ लागला? चार मिनिटं. एकही पाना न लावता.

त्या चार मिनिटांतून मी अजून बाहेर आलेले नाही. स्टाफरूममध्ये सांगून झालं, माहेरी फोनवर सांगून झालं, भाजीवाल्या मावशींनाही सांगून झालं. आता तुम्हाला सांगते.

श्रावणात एसीचा वारा मंदावला. पंखा चारवर ठेवला तरी फुंकर घातल्यासारखी हवा. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर, ‘डॅशबोर्ड उघडावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा,’ आणि आठ हजारांचा अंदाज. घरी येऊन पार्किंगमध्ये गाडी लावत होते, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका भेटले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून सारी नोकरी केलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, आधी ग्लोव्ह बॉक्स काढून बघा की.”

“मी?”

“मग कोण? गाडी कुणाची हाय?”

मी ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला. काकांनी दाखवलं तशा त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या, तसा तो अलगद माझ्या गुडघ्यांवर उतरला. मागे एक अरुंद झाकण, दोन्ही टोकांना खटके. खटके दाबले, झाकण निघालं, आणि ती चौकट हाताला लागली. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांचा नवा फिल्टर आणला. तो बसवायच्या आधी काका म्हणाले, “कडेला काय लिहिलंय, वाचा.” कडेला एक बाण होता आणि शेजारी अक्षरं: ‘एअर फ्लो’. हवा ज्या दिशेनं जाते त्या दिशेला बाणाचं टोक. बाण पाहून फिल्टर सरकवला, झाकण लावलं, एसी सुरू केला आणि कपाळावरचे केस मागे उडाले!

वारा आला याचा आनंद होताच. पण मला खरं वेड लावलं त्या बाणानं. कुठल्या तरी कारखान्यात कुणी तरी विचार केला होता, की एक दिवस हा फिल्टर एखाद्या माणसाच्या हातात असेल, त्याला उलटसुलट कळणार नाही, तर त्याच्यासाठी इथे बाण काढू या. तो माणूस मी होते. मी साताऱ्यात मराठी शिकवते. पहिलीतलं मूल एके दिवशी रस्त्यावरून जाताना दुकानाची पाटी आपलं आपण वाचतं आणि मग थांबतच नाही. बस, पोस्टर, बिस्किटाचा पुडा, दिसेल ते वाचत सुटतं. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचं तेज मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. त्या रविवारी ते मी आतून अनुभवलं. गाडी वाचता येते! तिच्या अंगाखांद्यावर आपल्यासाठी लिहून ठेवलेलं असतं!

आमची गाडी 2019 च्या दसऱ्याला घरी आली. 1200 सीसीची, पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक. तेव्हापासून पाच खंडेनवम्या मी तिला धुऊन पुसून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. पाचही वेळा पूजा झाकणाची झाली. आतल्या देवाचं दर्शन राहूनच गेलं होतं.

म्हणून त्याच दुपारी मी बॉनेट उघडलं. मांडीवर गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक. सहा वर्षं प्लास्टिकच्या पाकिटात पडून असलेलं ते पुस्तक मी कादंबरीसारखं वाचून काढलं, कारण त्यातल्या प्रत्येक चित्रातली वस्तू समोर उभी होती.

पहिला एअर फिल्टर. एसीचा फिल्टर आपल्या नाकासाठी, हा इंजिनाच्या नाकासाठी. काळा प्लास्टिकचा डबा, कडेला स्टीलच्या क्लिपा. क्लिपा उघडल्या, झाकण उचललं, आत तशीच घड्यांची चौकट. काका म्हणाले, “इंजिन पेट्रोल कमी आणि हवा जास्त खातं, बाई.” किती जास्त? पुस्तकं धुंडाळली. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या 14.7 पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे त्याला लागली अकरा किलो हवा. हवेचा एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर हवा, जेमतेम सव्वा किलोचा. कॅलेंडरच्या पानामागे मी हा गुणाकार-भागाकार तीनदा केला, कारण उत्तरावर विश्वास बसेना: एका लिटर पेट्रोलमागे नऊ ते दहा हजार लिटर हवा! आमच्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी आहे. तशा नऊ टाक्या हवा, एका लिटरमागे. सातारा ते पुणे जायला आम्हाला सहा लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे पन्नासहून अधिक टाक्या भरतील एवढी हवा, हायवेच्या सगळ्या धुळीसकट, माझ्या हातातल्या या कागदातून जाते आणि पलीकडे स्वच्छ होऊन निघते. मी तो फिल्टर जमिनीवर हलके आपटून झटकला. काकांनी पाण्यानं धुऊ दिला नाही. कागदी फिल्टर ओला झाला की बिघडतो. डब्याच्या आतली कड कोरड्या फडक्यानं पुसली, झाकण लावलं, क्लिपा चढवल्या. ‘टक्’, ‘टक्’. तो आवाज किती गोड असतो, हे स्वतः क्लिप लावल्याशिवाय कळायचं नाही.

मग ऑइलची पट्टी. इंजिनातून डोकावणारी पिवळी कडी ओढली की लांब पट्टी बाहेर येते आणि तिच्या टोकाजवळ दोन खुणा असतात, किमान आणि कमाल. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत, म्हणजे वर उडालेलं ऑइल खाली गोळा होतं. पट्टी एकदा काढून फडक्यानं कोरडी पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, आणि दुसऱ्यांदा काढल्यावर वाचायची. पहिलं वाचन खरं धरायचं नाही. माझं ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं. मी ते अंगठा आणि बोट यांच्यात चोळून पाहिलं. गुळगुळीत, काळपट. “काळं झालंय,” मी घाबरून म्हणाले. काका म्हणाले, “काळं झालं म्हणजे काम करतंय.” आणि ते खरंच तसं आहे! इंजिनातली काजळी भागांवर बसू नये म्हणून ऑइल ती स्वतःत धरून ठेवतं. घाबरायचं ते ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर. तेव्हा त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलेलं असू शकतं आणि गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवायचं.

ऑइल भरायच्या झाकणावर लिहिलेलं होतं, ‘5डब्ल्यू-30’. किती वेळा ते बिलावर पाहिलं असेल! डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, नंतरचा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. झाकणाएवढ्या जागेत थंडी आणि ऊन दोन्ही लिहून ठेवलेलं.

कूलंटची टाकी तर उघडावीही लागत नाही. अर्धपारदर्शक, आत रंगीत पाणी, बाहेर दोन रेघा. गाडी थंड असताना पातळी दोन रेघांच्या मध्ये दिसली की झालं. इथे मात्र काकांचा आवाज पहिल्यांदा चढला: “गरम गाडीचं हे झाकण कधी म्हणजे कधी उघडायचं न्हाई.” कारण आपल्या स्वयंपाकघरात रोज घडतं. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याच्या पुढे तापत राहतं. इंजिनाच्या थंडाव्याची सगळी व्यवस्था तशीच दाबाखाली असते. वाफ जिरायच्या आधीच कुकर उघडला तर जे होईल तेच इथे होतं, फक्त कितीतरी मोठं. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर उन्हाळ्यात बॉनेट उघडून वाफा टाकत उभ्या राहिलेल्या गाड्या मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. आता त्या दिसल्या की मला टाकीवरच्या त्या दोन रेघा आठवतात. आणि कूलंट सांडलं तर लगेच धुऊन काढायचं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, पार्किंगमधल्या कुत्र्यामांजरांनी ते चाटलं तर जिवावर बेततं.

पुढच्या रविवारी टायर. टायर म्हणजे उभंच्या उभं पुस्तक आहे! ‘165/65 आर 14’. रुंदी 165 मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि रिम 14 इंची. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं कंपासपेटीतली पट्टी आणून भिंत मोजली आणि उड्या मारत ओरडली, “आई, साधारण अकरा सेंटिमीटर! बरोबर आलं!” मग काकांनी आम्हाला टायरचा जन्मदाखला दाखवला. एका लांबट चौकोनात चार आकडे: 3519. म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. आम्ही त्या वर्षीचं कॅलेंडर शोधलं. ऑगस्टचे शेवटचे दिवस. 2 सप्टेंबरला गणपती बसले होते. आमचा टायर गणपतीच्या आदल्याच आठवड्यात जन्मलेला!

खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, आणि ते कुठे आहेत हे सांगायला कडेवर इवलासा त्रिकोण. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की खाच 1.6 मिलिमीटरच उरलेली असते आणि टायर बदलायची वेळ झालेली असते. पावसात रस्त्यावरचं पाणी याच खाचांतून बाहेर फेकलं जातं. प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकतो. चार तळहात! आमचं अख्खं कुटुंब यवतेश्वरच्या घाटात त्या चार तळहातांवर असतं, हे कळल्यावर मी टायरला नुसतं टायर म्हणून पाहूच शकत नाही.

आणि हवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर आपल्या गाडीला किती हवा लागते ते छापलेलं. आमचा आकडा 33 पीएसआय. सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची, कारण चालून तापलेल्या टायरातली हवा फुगते आणि आकडा चढलेला दिसतो. नव्या गेजनं मोजलं: 31, 31, 30 आणि मागचा डावा 24! दिसायला चारही सारखेच होते. काकांनी मग्यात साबणाचं पाणी कालवायला सांगितलं. मी ते टायरवर ओतत गेले, लेक चाक न्याहाळत बसली. एका खाचेत मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. तिथे बारीक चूक रुतली होती! किती दिवसांपासून, कोण जाणे. आम्ही ती उपटली नाही. तशीच हळू गाडी नेऊन पंक्चरवाल्या दादांना बोट ठेवून दाखवली. त्यांनी पाच मिनिटांत काम केलं आणि विचारलं, “कुणी शोधली?” लेकीनं हात वर केला.

बॅटरीच्या रविवारी सासूबाईही खाली उतरल्या, कारण खायचा सोडा त्यांच्या ताब्यात. बॅटरीच्या एका टोकावर पांढरट-हिरवट, बुरशीसारखे क्षार साचले होते. काकांनी आधी मला हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढायला लावली. मग दहा नंबरचा पाना, आणि नियम: काढताना वजा आधी, लावताना वजा शेवटी. गाडीचं सगळं लोखंडी अंग बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेलं असतं. आधी अधिक सोडवायला गेलो आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट. वजा आधी सुटलं की ही भीतीच संपते. केवढा सुंदर नियम! पाठ करायचीसुद्धा गरज नाही. कारण कळलं की हात आपोआप बरोबर टोकाकडे जातो.

कोमट पाण्यात सोडा घालून जुन्या टूथब्रशनं टोकं घासली. फेस उसळला, आम्लाला सोडा भेटला होता. सासूबाई म्हणाल्या, “भज्यांत घालते तोच हा?” तोच! पुसून, सुकवून, पुन्हा जोडून वर व्हॅसलीनचा पातळ हात दिला. मग मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट, सुरू केल्यावर 14.2. बॅटरीत सहा घरं, प्रत्येक घराचे दोन व्होल्ट आणि वर थोडे. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला परत भरायला लागतो, म्हणून आकडा चढतो. शिसं आणि आम्ल यांची ही जोडी गॅस्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्ये जमवली. तीच आजही आमच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी शंभराहून जास्त अँपिअरचा धक्का देऊन इंजिन जागं करते.

आणि फ्यूज! मोबाइल चार्ज करायचं सॉकेट वर्षभर मेलेलं होतं. स्टिअरिंगखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला, कुठला फ्यूज कशाचा ते. फ्यूजना रंग: दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. डब्यातच ठेवलेल्या छोट्या चिमट्यानं निळा फ्यूज उपसला आणि उजेडात धरला, तर आतली तार मध्येच तुटलेली. तेवढ्याच अँपिअरचा, तोच निळा, नवा बसवला. जास्तीचा कधीच बसवायचा नाही. फ्यूज स्वतः जळतो तो वायर जळू नये म्हणून. फोनवर चार्जिंगची खूण उमटली, आणि दहा-पंधरा रुपयांत जग जिंकल्यासारखं वाटलं.

काकांनी सीमाही आखून दिल्या, आणि त्या मी तितक्याच प्रेमानं पाळते. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना हात नाही. ते जाणकाराचं काम. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. ऑइल बदलणं गॅरेजवरच, कारण जुनं ऑइल गटारात किंवा मातीत गेलं तर पाणी नासतं. पण आता मी गॅरेजमध्ये जाते ती बोलायला शब्द घेऊन. ‘काहीतरी आवाज येतोय’ ऐवजी ‘कूलंट महिन्यात खालच्या रेघेवर आलं, गळती बघा’ म्हणते. समोरचा मेकॅनिक हात पुसून शेजारी उभा राहतो आणि आम्ही दोघं मिळून इंजिनात पाहतो.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे: येत्या रविवारी वीस मिनिटं काढा. गाडी थंड, जागा सपाट, हातात एक जुनं फडकं. ऑइलची पट्टी, कूलंटच्या रेघा, चार टायर आणि पाचवी डिकीतली स्टेपनी. वायपरचं रबर ओल्या फडक्यानं पुसा. फडक्यावर किती काळं येतं ते पाहा. एवढंच. दुसऱ्या रविवारी तुम्ही स्वतःहून खाली उतराल, याची खात्री मी देते.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या सोसायटीत सकाळपासून गाड्या धुतल्या जात होत्या. मी आधी बॉनेट उघडलं. पट्टी पुसली, वाचली, परत घातली. टाकीच्या रेघा पाहिल्या. दहाचा पाना, गेज, मल्टिमीटर, टूथब्रश असं सगळं पाटावर मांडलं; खंडेनवमी मुळात हत्यारांची, आणि यंदा आमच्याकडे पूजेला हत्यारं होती. काकांना बोलावून पहिलं हळदकुंकू त्यांच्याच हातानं पान्याला लावलं. तेवढ्यात पार्किंगच्या पलीकडच्या टोकाहून लेकीची हाक आली. ती एकेका गाडीपाशी उकिडवी बसून टायरचे चार आकडे मोठ्यानं वाचत येत होती. जोशीकाकूंच्या गाडीपाशी ती थांबली, पुन्हा एकदा वाचलं, मग धावत त्यांच्या दाराशी गेली.

“काकू, तुमची स्टेपनी दाखवता का? हे पुढचे टायर 2014 चे आहेत!”

काकू पूजेचं ताट हातात घेऊन तशाच खाली आल्या. लेकीनं त्यांचं बोट धरलं, त्या लांबट चौकोनावर टेकवलं आणि म्हणाली, “हे बघा. इथे लिहिलंय.”